काळ्या मातीत कुंती पिवळी पडते आहे: अंगणासाठी देशी, सदाहरित आणि फुलणारे झुडूप कोणते लावावे?

प्रश्न : पूर्वेचा ओटा (जळगाव)

नमस्कार. आमचे घर जळगाव शहराच्या कडेला, काही वर्षांपूर्वीपर्यंत जिथे कपाशी होत असे अशा जमिनीवरच्या वसाहतीत आहे. पूर्वेला ओट्यापुढे साधारण पंधरा फूट मोकळी जागा आहे आणि दक्षिणेला रस्त्यालगत चाळीस फूट तारेचे कुंपण आहे. या कुंपणाला पूर्वी ड्युरांटा होता. तो काढून टाकल्यावर आजूबाजूला पाहिले, तर बोगनवेल, टिकोमा, पिवळी बिट्टी ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेकडचीच निघाली. म्हणून या वेळी आपल्याकडचे, बारा महिने हिरवे राहणारे आणि फुलणारे झुडूप लावावे असे ठरवले.

मागच्या जुलैत एका रोपवाटिकेतून कुंतीची, म्हणजे तिथे जिला मधुकामिनी म्हणतात तिची, दोन रोपे आणली. दोन फूट खोल खड्डे घेऊन त्यांत विकतची तांबडी माती आणि शेणखत भरले व रोपे लावली. ऑगस्टमध्ये पाऊस आठवडाभर लागून राहिला आणि त्यानंतर नवी पाने पिवळी येऊ लागली. शिरा मात्र हिरव्याच होत्या. रोपवाटिकेत विचारले तेव्हा युरिया टाकण्यास सांगण्यात आले. टाकला, तर पुढची पालवी आणखी फिकी, जवळजवळ पांढरी आली. मे महिन्यात एक रोप वाळले. उपटून पाहिले तर मुळ्या पिशवीच्या आकारातच गोल वळलेल्या, काळ्या आणि कुजट वासाच्या होत्या. दुसरे रोप जिवंत आहे, पण वर्षभरात त्याला एकही फूल आलेले नाही.

सासूबाईंना पूजेसाठी सुवासिक पांढरी फुले हवी आहेत, आणि कुंपणही झाकायचे आहे. दोन्ही कामे कुंतीकडून होतील का, की आमच्या मातीत तिचा नाद सोडावा? पाणी बोअरचे आहे आणि बादलीला पांढरा थर बसतो.

उत्तर १ : चिकणमाती (भुसावळ)

ताई, आपण दिलेल्या वर्णनात दोन वेगवेगळे आजार आहेत आणि ते एकमेकांना मदत करत आहेत. त्यामुळे ते सुटे करून पाहावे लागतील.

पहिला आजार खड्ड्याचा आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. तिच्यात दोन फूट खोदून भुसभुशीत तांबडी माती भरली की जमिनीत एक हौद तयार होतो. आजूबाजूचे सगळे पाणी त्या मोकळ्या मातीत उतरते आणि तिथेच थांबते. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग उन्हाळ्यात हीच काळी माती भेगाळते, उरलेल्या बारीक मुळ्या तुटतात आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की अशा झाडाला पाणी ओढायला मुळ्याच शिल्लक नसतात. आपण झाड मेमध्ये गेले म्हणता. माझ्या मते ते ऑगस्टमध्येच गेले होते, कळले मेमध्ये.

दुसरा आजार लोहाचा. नत्र कमी पडले तर आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असे दिसले, तर आपल्या भागात पहिला संशय लोहावर घ्यावा. मातीत लोह पुष्कळ असते, पण चुनखडी असलेल्या जमिनीत ते अविद्राव्य रूपात अडकून बसते, आणि बोअरच्या जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे ही अडचण वाढते. कुंती ही लिंबाच्या कुळातली असल्यामुळे या बाबतीत लिंबासारखीच नाजूक आहे. युरियाने वाढीला जोर आला, लोह मात्र होते तेवढेच राहिले, म्हणून नवी पालवी आणखी पांढरी झाली.

काही करण्यापूर्वी दोन परीक्षा घरी करून पाहाव्यात. कुंपणाजवळची कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाकावे; बुडबुडे येऊन चरचर ऐकू आली तर चुनखडी आहे असे समजावे. दुसरे म्हणजे दीड फुटाचा खड्डा पाण्याने एकदा भरून जिरू द्यावा, मग पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. रात्रभरानेही पाणी दिसत असेल तर त्या जागी खड्ड्यात काहीच लावू नये.

जिवंत रोपासाठी सांगतो. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे मीठ) नुसता मातीवर टाकल्यास अशा जमिनीत तो थोड्या दिवसांत निकामी होतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर ओलसर ठेवून मग दिला तर काही काळ टिकतो. तातडीचा उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न बसता मुळांना मिळेल अशा रूपातले लोह, घ्यावे, पण दुकानातून घेताना ते ‘ईडीडीएचए’ प्रकारचे आहे हे वेष्टनावर वाचून घ्यावे. स्वस्त मिळणारे ‘ईडीटीए’ प्रकारचे लोह आपल्या विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) मातीत फार काळ काम करत नाही. फवारणीला चालेल, मुळाशी नको. आणि शक्य असेल तर गच्चीवरचे पावसाचे पाणी एका टाकीत उतरवून या एका झाडासाठी राखून ठेवावे.

उत्तर २ : बहार धरणारा (जामनेर)

वरील उत्तर मातीपुरते अगदी योग्य आहे. मी मोसंबी लावतो, त्यामुळे मला दुसरीच काळजी वाटते आणि ती कोणी सांगितलेली नाही.

कुंती ही सिट्रस सायला या किडीची अत्यंत आवडती वनस्पती आहे. ही कीड तीन-चार मिलिमीटरची, तपकिरी असते आणि पानावर बसताना शेपटीकडची बाजू वर उचलून तिरकी बसते. एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला चुकत नाही. तिची पिल्ले कोवळ्या शेंड्यात असतात, पांढरे मेणचट धागे सोडतात आणि पान मुरडते. लिंबूवर्गीय झाडांतील ग्रीनिंग रोगाचे जिवाणू हीच कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि त्या रोगावर झाड बरे करणारा उपाय नाही.

म्हणून बांधावर मोसंबी किंवा कागदी लिंबाची बाग असलेल्या शेतकऱ्याने कुंती लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या अंगणात एखादे झाड लावायला माझी हरकत नाही, मात्र चाळीस फूट कुंपण कुंतीचे करण्याला आहे. कारण कुंपण म्हटले की कात्री वारंवार चालते, कात्री चालली की कोवळी फूट वर्षभर येत राहते, आणि सायलाला नेमकी तीच हवी असते. शिवाय कुंतीची फुले नव्या फांद्यांच्या टोकांना येतात. सपाट छाटणी केलेल्या कुंतीच्या कुंपणाला फूल कमी लागते, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नसतो.

आपल्या किंवा शेजारच्या अंगणात कढीपत्ता असेल तर आज त्याचे शेंडे उलटून पाहावेत. तोही त्याच कुळातला असल्याने ही कीड तिथे आधीपासून राहायला आलेली असू शकते. शेंडे खुडून पिशवीत बंद करून टाकणे आणि निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करणे, एवढे घरच्या एक-दोन झाडांना पुरते.

फुलांविषयी एक अनुभवाची गोष्ट. आम्ही मोसंबीला ताण देऊन बहार धरतो, आणि कुंतीही त्याच वळणाची आहे. पाणी काही दिवस तोडून पाने किंचित मलूल झाल्यावर भरपूर पाणी दिले, किंवा उघडिपीनंतर एकदम चांगला पाऊस झाला, की ती पांढरीशुभ्र होते. मात्र रोप तीन वर्षांचे होण्याआधी ताण देऊ नये, आणि एप्रिल-मेमध्ये तर कधीच देऊ नये. आपल्या उन्हाने दिलेला ताण पुरेसा असतो.

उत्तर ३ : पांझराकाठ (धुळे)

ताई, कुंपणासाठी अडुळसा लावा. आमच्या दक्षिणेच्या कुंपणाला तो नऊ वर्षांपासून आहे आणि एवढ्या काळात मी त्याच्यासाठी खत म्हणून केवळ घरचा पालापाचोळा वापरला आहे.

अडुळसा आपल्याच मातीतला, सदाहरित, पाच ते आठ फूट वाढणारा. पाने इतकी कडू की रस्त्यावरच्या शेळ्या तोंड लावून निघून जातात, आणि खानदेशातल्या वसाहतीत ही गोष्ट लहान नाही. हिवाळ्यात त्याला कणसांसारखे तुरे येतात. फूल जवळून पाहिले तर जबड्यासारखे दोन ओठ असतात, पांढऱ्या रंगावर खालच्या ओठाकडे जांभळ्या बारीक रेघा असतात आणि सकाळी दहाच्या सुमारास काळे मोठे भुंगे त्या ओठावर बसून आत डोके घालतात, तेव्हा अख्खा तुरा वाकतो. सुवास मात्र नाही, त्यामुळे सासूबाईंचे समाधान त्याने होणार नाही.

रोपे विकत घेऊ नका. कोणाकडे तरी अडुळसा असतोच. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या फांद्या घ्या, खालची पाने काढा आणि दोन पेरे मातीत जातील अशा तऱ्हेने दोन-दोन फुटांवर, दोन ओळींत, एका ओळीतली फांदी दुसरीतल्या दोन फांद्यांच्या मधोमध येईल अशा लावा. मी खड्डे घेतले नव्हते. कुंपणालगत फूटभर उंच वरंबा ओढून त्यावर लावले, त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंनी निघून गेले.

एक सूचना आवर्जून करते. घरात अडुळसा आला की खोकल्यासाठी काढा सुरू होतो. गरोदर स्त्रियांना तो देऊ नये, आणि इतरांनीही वैद्यांना विचारूनच घ्यावा.

उत्तर ४ : करवंदाची जाळी (नंदुरबार)

अडुळशाला माझा विरोध नाही, पण तीन-चार वर्षांत तो खालून उघडा पडतो आणि नुसत्या काटक्या दिसतात, हे सांगायला हवे होते. कुंपणच हवे असेल तर करवंद का नको? सदाहरित आहे, फुले पांढरी आणि सुवासिक आहेत, आणि काट्यांमुळे कुत्रेही आत येत नाही. फक्त पाणी साचणाऱ्या जागी ते चालत नाही. त्याला मुरमाड, निचऱ्याची जमीन मानवते.

उत्तर ३ (पुन्हा) : पांझराकाठ (धुळे)

उघडा पडतो तो न छाटल्यामुळे. जूनच्या पहिल्या पावसानंतर दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापाव्यात, म्हणजे तीन वर्षांत सगळे झुडूप नवे होते. ऑक्टोबरनंतर मात्र कात्री लावू नये, नाहीतर हिवाळ्याचे तुरे कापले जातात. करवंदाबद्दल म्हणाल, तर रस्त्यालगत लहान मुले सायकलने जातात; काट्याचे कुंपण मी तरी लावणार नाही.

प्रश्नकर्त्या : पूर्वेचा ओटा (जळगाव)

सर्वांचे आभार. दोन्ही परीक्षा केल्या. व्हिनेगर टाकताच माती चरचरली आणि बशीत फेस आला. खड्ड्यातील दुसरे पाणी संध्याकाळी सहाला भरले होते, ते सकाळी सहालाही चार बोटे शिल्लक होते. कढीपत्त्याचे शेंडेही पाहिले. एका मुरडलेल्या शेंड्यात पांढरे धागे दिसले आणि हात लावताच एक तिरकी बसलेली कीड उडाली. तेवढे शेंडे खुडून पिशवीत बांधून टाकले. शेजारच्या घरी कागदी लिंबाचे झाड आहे, त्यांनाही दाखवून आले.

आता असे ठरवले आहे की कुंपणाला वरंबा करून अडुळसा लावायचा आणि कुंती ओट्यापुढे एकच ठेवायची. तिला उंचवटा किती करावा, आणि ती आता हलवावी का?

उत्तर १ (पुन्हा) : चिकणमाती (भुसावळ)

उन्हात हलवू नये. दोन चांगले पाऊस होऊन हवा निवली की जुलैत, ढगाळ दिवशी हलवावी. कुंती मुळात मोठ्या झाडांच्या सावलीत, पाल्याच्या मऊ मातीत वाढणारी आहे, त्यामुळे तिला सकाळचे ऊन आणि दुपारनंतर घराची सावली मिळेल अशी जागा द्यावी. आपला पूर्वेचा ओटा त्यासाठी उत्तम आहे. भिंतीपासून पाच फूट सोडून, जमीन फक्त वरवर कुदळून, तिच्यावर सव्वा फूट उंच आणि चार फूट रुंद ढीग करावा. ढिगात पोयटा दोन भाग, बारीक मुरूम एक भाग आणि कुजलेले शेणखत एक भाग घ्यावे. मुरूम घेताना त्यात पांढरे खडे नाहीत हे व्हिनेगर टाकून पाहावे. गोल वळलेल्या मुळ्या धारदार कात्रीने कापून मोकळ्या कराव्यात आणि खोड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे, खोल नको.

वर चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. रावेर-यावलकडून कोणी येणार असेल तर केळीची वाळलेली पाने मागवावीत. उन्हाळ्यात भेगा रोखायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. ठिबकचे दोन ड्रिपर खोडापासून वीतभर अंतरावर, दोन बाजूंना ठेवावेत आणि पहिले दोन उन्हाळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावकाश, खोलवर पाणी द्यावे. पहिल्या मे महिन्यात दुपारच्या झळांसाठी हिरवी जाळी बांधावी.

आधीची पिवळी पाने पुन्हा हिरवी होतील अशी अपेक्षा धरू नये. लोह दिल्यानंतर जी नवी पालवी येईल तिचा रंग पाहावा.