वेप की सिगारेट? घरातले अनुभव लिहाल का?

मनवा: काल लेकाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. वेप निघाली, म्हणजे ई-सिगारेट, बॅटरीवर द्रव तापवून त्याची वाफ ओढायची. नाकाशी धरलं तर गोड फळांचा वास. तो म्हणतो, "आई, धूर नाही गं, नुसती वाफ आहे." आणि मला एकदम बाबा आठवले. त्यांचा पहाटेचा खोकला, पिवळी पडलेली बोटं, ठिणगीने भोकं पडलेला शर्टाचा खिसा. तंबाखू जळत नाही म्हणजे डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही, हे मान्य. पण ज्याने सिगारेटला कधी हातच लावला नाही, त्याला 'सिगारेटपेक्षा बरं' याचा काय उपयोग? निकोटिन तर आहेच ना त्यात! ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा प्लीज.

धूमकेतू७७: कॉलेजपासून ओढायचो. वेपवर आलो तसं जिन्यात धाप लागणं कमी झालं, तोंडाला चव आली. ते खरंच आहे, नाकारणार नाही. पण सिगारेट विझायची तरी. हे विझतच नाही. रात्री कूस बदलली की हात उशीखाली जातो, डोळे मिटलेलेच असतात.

रानजाई: मनवा, मिठी गं. सासरे असेच गेले आमचे. दूध वर यायला लागलंय, येते नंतर.

वॉर्डसिस्टर: छातीच्या वॉर्डात आहे मी. "वेपच घेतो, अधूनमधून एखादी सिगारेट" हे रोज ऐकते. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं, दिवसाला एकच ओढणाऱ्याला हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! वेपवर जायचंच असेल तर सिगारेट पूर्ण सोडून जा. दोन्ही चालू ठेवून काही हाती लागत नाही.

अभय_न: ते ९५ टक्के कमी घातक म्हणतात ते?

वॉर्डसिस्टर: @अभय_न, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ ला सांगितलं होतं ते. मूळ आकडा तज्ज्ञांचा अंदाज, माणसांना वर्षानुवर्षं तपासून काढलेला नाही. सिगारेटपेक्षा कमी घातक हे बहुतेक डॉक्टर मानतात, पण फुप्फुसाच्या कॅन्सरला दशकं लागतात आणि आजची वेप बाजारात येऊन तेवढा काळ झालेलाच नाही.

टिंबटिंब: अमेरिकेत २०१९ ला तरुण पोरं श्वास कोंडून ॲडमिट होत होती ते आठवतंय का कुणाला? फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०० च्या वर केसेस, ६८ मृत्यू. बहुतेकांच्या वेपमध्ये गांजाचा अर्क होता आणि त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. मनवाताई, मुलाला ओरडण्याआधी विचारा, आत काय भरलंय आणि कोणी भरून दिलंय.

मनवा: पोटात गोळाच आला वाचून. आज विचारते, शांतपणे.

धूमकेतू७७: आणि जळका वास येत असेल तर तसंच ओढत राहू नको म्हणावं. कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी आतली तार, फार तापली की फॉर्मॅल्डिहाइड तयार होतं, शिवाय धातूचे कणही वाफेत येतात.

चिऊची_मावशी: घरात लहान मूल असेल तर रिफिलची, म्हणजे वेपमध्ये भरायच्या निकोटिनच्या द्रवाची, बाटली कुलपात ठेवा!! आमच्या चिऊने नुसतं झाकण चोखलं तर उलट्यांवर उलट्या. रात्र दवाखान्यात काढली. ठीक आहे आता.

अभय_न: बापरे. जपा.

रानजाई: आले. @धूमकेतू७७, निकोटिनचा गम करून पाहिलात का? आमच्या ह्यांची त्यानेच सुटली.

धूमकेतू७७: घेतला होता. उचक्या थांबेनात.

रानजाई: भराभर चावत असाल. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, कमी झाल्या की परत चावायचा. लाळेबरोबर निकोटिन पोटात गेलं की उचक्या लागणारच.

धूमकेतू७७: हे कुणी सांगितलंच नव्हतं. २ मिलिग्रॅमचा घेऊ की ४?

वॉर्डसिस्टर: सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागायची का? मग ४ चा. हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा हं.