उन्हाळ्याच्या घरगुती मेणबत्त्या: तुमचा वास कोणता, रंग कोणता?

दिवाळीच्या मेणबत्त्यांवर आपण पुष्कळ बोलतो, मला उन्हाळ्याच्या हव्या आहेत. गेल्या चैत्रात पुण्यातल्या आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत मोगऱ्याच्या केल्या. सुगंधी तेल दिवाळीच्याच प्रमाणात घातलं, 100 ग्रॅम मेणाला 8 ग्रॅम. दहा मिनिटांत आईचं डोकं धरलं. मग 4 ग्रॅमवर आले आणि रंग घातलाच नाही. पांढऱ्या मेणातला तो मंद मोगरा उशाशी गजरा ठेवल्यासारखा वाटला. तुम्ही काय घालता, किती घालता? फसलेलंही मोकळेपणी लिहा.

नागपूरहून
आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, त्यामुळे आधी मेणाचा विचार, मग वासाचा. सोया मेण साधारण तेवढ्याच तापमानाला मऊ पडायला लागतं, ते काचेच्या ग्लासातच ओता. साच्यातून काढलेल्या चार उभ्या मेणबत्त्या मी खिडकीत ठेवल्या होत्या. संध्याकाळी चारही एकमेकींवर कलंडलेल्या आणि उन्हाकडच्या बाजूचा रंग उडालेला.

वास मात्र वाळ्याचाच. कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की घरभर जो गार, मातकट वास सुटतो, तो. वाळ्याचं तेल दाट असतं, बाटलीतून उतरायलाच वेळ लावतं. मेण 80 अंशांच्या आसपास असताना घालून दोन मिनिटं सावकाश ढवळते. रंग अगदी फिका हिरवा. सरबताचा गडद हिरवा घालून पाहिला, पण त्याकडे बघून गारवा वाटेना.

वेंगुर्ल्याहून
शिमग्याच्या सुमाराला सुरंगी फुलते. तिचे वळेसर, म्हणजे कळ्यांचे गजरे, सुकले तरी वास सोडत नाहीत, म्हणून सुकलेल्या कळ्या मेणात तासभर गरम ठेवून गाळल्या. मेणाला पिवळट झाक आली, वास जवळजवळ नाहीच. उरलेल्या कळ्या शोभेला वर पसरल्या, तर वातीजवळच्या एकीने पेट घेतला आणि ज्योत बोटभर वर गेली. ताटली झाकून विझवली. कृपा करून सुकी फुलं ज्योतीजवळ ठेवू नका. आता मी मधमाश्यांच्या मेणाची करते. त्याला मुळातच मधाचा वास, रंगही सुरंगीच्या केसरांसारखा, वरून काहीच घालावं लागत नाही. वळेसर शेजारी ताटलीत ठेवते.

ठाण्याहून
कैरीसाठी खाण्याचा हिरवा रंग घातला. तो पाण्यातला, मेणात मिसळेना, थेंब थेंब होऊन तळाशी बसला. तेलात विरघळणारा, मेणबत्तीचाच रंग लागतो हे तेव्हा कळलं. मग आंब्याचं सुगंधी तेल आणलं, तर पिवळीधमक मेणबत्ती पंधरा दिवसांत तपकिरी पडली. तेलात व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य) होतं, त्याने मेण असं काळपट होत जातं. त्या तपकिरीकडे बघताना मला गुळाचं पन्हं आठवलं. तेव्हापासून तेच तेल, जोडीला वेलदोड्याचे दोन थेंब, आणि रंग वेगळा घालतच नाही. माझ्या सगळ्या मेणबत्त्यांत ही मला सर्वांत जवळची.

साताऱ्याहून
बहाव्याच्या पिवळ्यासाठी हळद घालू नका. ती विरघळत नाही, वातीत अडकते आणि ज्योत बारीक होते.

मेलबर्नहून
आमचा उन्हाळा डिसेंबरात. रात्री अंगणात जेवतो, तेव्हा गवती चहाच्या तेलाची, बिनरंगी मेणबत्ती. उघड्यावर वास उडून जातो, म्हणून इथे 8 ग्रॅमही चालतात.

पुन्हा पुण्याहून
पन्ह्याची मी या आठवड्यातच करणार. एक राहिलं होतं: पंख्याखाली ज्योत फडफडते आणि काच काजळते, म्हणून आम्ही वीज गेल्यावरच लावतो. काल रात्री साडेनऊला वीज गेली. आई अंधारातूनच म्हणाली, "ती मोगऱ्याची लाव गं."