विषय: खुराड्याला जाळी कुठली? परवा सुतार येतोय, लवकर सांगा

गुहागरची वहिनी:
मंडळी, घाईत लिहितेय. आणलेल्या गिरिराज जातीच्या कोंबडीच्या २५ पिल्लांपैकी ५ काल रात्री गेली. साडेतीन आठवड्यांची होती, पंखांवर पिसं यायला लागलेली. पडवीतून उचलून मागच्या जुन्या खुराड्यात ठेवली त्याची ही पहिलीच रात्र. सकाळी सासूबाईंनी दार उघडलं तर दोन मान चावलेली पडलेली, तीन गायबच. मुंगूसच असणार. आता सगळं नवीन करायचंय, सुतार म्हणतो कोंबडीजाळी आणा, पण जुनीही तीच होती. कुणी सांगेल का? उरलेली २० परत पडवीत डालग्याखाली आहेत, रात्रभर कुणीतरी उठून बघतंय.

वेंगुर्ल्याचे काका:
वहिनी, फार वाईट वाटलं. पण मुंगूस दिवसा हिंडतं, रात्री झोपतं. रात्रीचं काम कांडेचोराचं (मांजराएवढं रानटी जनावर), नाहीतर घूस. पिसं सांडलेली होती का? साप असता तर पिल्लू अख्खं गिळून गेला असता, मान चावलेलं पिल्लू मागे राहिलं नसतं. जाळी राहू दे, आधी पाया बघ. चार बाजूंनी दोन थर चिरा (जांभा दगड), आत कोबा. आमच्या आजोबांच्या वेळचं खुराडं असंच होतं, एकही कोंबडी गेली नाही.

दिवेआगरची ताई (सध्या मस्कत):
काका, चिरा पाणी पितो. जूनपासून आतली जमीन ओलीच राहते, आणि ओल्या तुसात पिल्लांना रक्ताची हगवण लागते. आमच्याकडे गेली तशी १२ पिल्लं, एका आठवड्यात, कुणी चावलं नाही की काही नाही. म्हणून बाबांनी खुराडं जमिनीपासून अडीच फूट उंच खांबांवर घेतलं, खाली बांबूच्या पट्ट्या, विष्ठा खाली पडते आणि वारा लागतो. फक्त छप्पर तारेने खांबांना बांधा हं, नुसते खिळे नकोत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमचा पत्रा शेजाऱ्यांच्या सुपारीत जाऊन पडला होता.

वेंगुर्ल्याचे काका:
उंच खुराड्यात खालून हात घालून ओढतात पिल्लं. पट्ट्यांमध्ये बोटभर फट असते की.

दिवेआगरची ताई:
म्हणून तर पट्ट्यांखाली जाळी लावायची!

बर्मिंगहॅमच्या काकू:
अगं जाळीचाच प्रश्न विचारलाय ना तिने, आणि तुम्ही दोघं पाया आणि खांब करताय. मी इथे मागच्या अंगणात ६ कोंबड्या पाळते, आमच्याकडे कोल्हा येतो आणि तो खणतो. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी. आणि ती भिंतीशी संपवायची नाही, बाहेरच्या बाजूला जमिनीवर दीड-दोन फूट आडवी पसरायची, वर माती आणि दगड. खणणारं जनावर भिंतीच्या कडेलाच खणतं, मागे सरून खणायचं त्याला सुचत नाही. (इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते, नवीन पाळणाऱ्यांनी विसरू नका.)

यादी सांभाळणारे दादा:
काकू, नोंदणीचा विषय वेगळ्या मेलमध्ये घ्या प्लीज. वहिनी, जुनी जाळी कुठे फाटली ते बघून सांगता का? त्याशिवाय नुसते अंदाज होतायत.

गुहागरची वहिनी:
बघून आले. खाली तुसाला लागून जी जाळी होती ती गंजून भुसभुशीत झालीये, बोटाने दाबली तर तुटली. तिथे हाताच्या मुठीएवढं भोक आणि काठाला करडी पिसं. वरची जाळी मात्र शाबूत. दोनच पावसाळे झाले होते.

वेंगुर्ल्याचे काका:
मग झालंच. समुद्र जवळ, खारा वारा, त्यात कोंबडीच्या विष्ठेचा अमोनिया, साधी तार टिकणारच नाही. जाड तारेची गॅल्वनाइज्ड घे, प्लॅस्टिकचा लेप असलेली मिळाली तर आणखी चांगलं, आणि खालच्या एक फुटात जाळीच नको, तिथे चिरा. तुसाला तार लागू द्यायची नाही. ताईचं ओलीचं म्हणणं मला पटलं, कोबा बाहेरच्या बाजूला उतरता कर. सुतार माप किती धरतोय?

गुहागरची वहिनी:
सहा बाय चार.

वेंगुर्ल्याचे काका:
अजिबात नाही! २० मोठ्या कोंबड्या, एकीला तीन चौरस फूट धरले तरी ६०. दहा बाय सहा सांग.

बर्मिंगहॅमच्या काकू:
आणि जाळीला खिळा वाकवून ठोकू देऊ नकोस, जोर लावला की निघतो. वरून लाकडी पट्टी आणि स्क्रू. दाराला दोन कड्या, वर एक, खाली एक.

दिवेआगरची ताई:
वहिनी, पाऊस सुरू झाला की लाईट जाणार. उबेचा बल्ब गेला तर पिल्लांजवळ शेगडी ठेवू नका, बंद जागेत कोळशाचा धूर जीव घेतो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण तीनने कमी, तुमच्या पिल्लांना आता रात्रीपुरतीच ऊब हवी. बल्बाखाली एकावर एक चढली तर थंडी, लांब पळून चोच उघडी टाकली तर उकाडा. लासोटाचा (राणीखेत रोगाची लस) दुसरा डोस चुकवू नका, २८ व्या दिवशी. पाण्यातून देणार असाल तर विहिरीचं पाणी घ्या, क्लोरीनच्या पाण्यात लस मरते.

गुहागरची वहिनी:
सुतार आला, दहा बाय सहावर कुरकुरला पण तयार झाला. खाली एक फूट चिरा, आतला कोबा बाहेरच्या बाजूला उतरता, वर अर्ध्या इंचाची जाळी, बाहेर दोन फूट आडवी पुरायची. चार दिवस लागतील म्हणतो. तोवर २० जणं पडवीतच, सासूबाईंनी खाट डालग्याशेजारी लावलीये. लस आज बर्फात घालून थर्मासमधून आणली, उद्या पहाटे पाणी दोन तास बंद ठेवून मग देते.