सोसायटीने लावलेल्या पार्किंगच्या पैशांना तुम्ही कसं आव्हान दिलंत? (अनुभव धागा)

आमच्या सोसायटीत (सिंहगड रोड, पुणे) या तिमाहीच्या मेंटेनन्स बिलात चारचाकीचं पार्किंग महिना २०० वरून थेट ८०० रुपये झालं. सर्वसाधारण सभेत विषयच निघाला नव्हता, कमिटीने परस्पर ठरवलं. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांनी भरलेत, तुम्हालाच काय अडचण?" आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठी सरकारने दिलेल्या नमुना नियमांत) ७८ ते ८४ हे नियम पार्किंगचे आहेत आणि दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, एवढं मला माहीत आहे. प्रश्न पुढचा आहे. ज्यांनी खरोखर हरकत घेतली त्यांनी लिहा: पत्रात काय लिहिलंत, पैसे भरलेत की अडवलेत, शेवट काय झाला? "कोर्टात खेचा" एवढंच सांगू नका, याच लोकांच्या शेजारी राहायचं आहे.

घोडबंदर रोड, ठाणे
ताई, पैसे अडवू नका, हे आधी सांगतो. अडवले की तुम्ही थकबाकीदार, वर उपविधींनुसार व्याज, आणि कमिटीच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हटलं तर तिथेही तेच आडवं येतं. मी पूर्ण रकमेचा चेक दिला आणि सोबत पत्र: "ही रक्कम हरकत राखून भरत आहे. ज्या सभेत हा दर मंजूर झाला तिची तारीख, ठराव क्रमांक व इतिवृत्ताची प्रत द्यावी." बस. रागाचा एक शब्द नाही, कुणाचं नाव नाही. ठरावच नव्हता, त्यामुळे उत्तर येईना. स्मरणपत्र दिलं, मग सगळ्या प्रती जोडून सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली. तिथून सोसायटीला खुलासा मागणारं पत्र आलं आणि कमिटीचा सूर बदलला. पुढच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर विषय आला, दोन तास भांडण झालं, शेवटी ३०० रुपये मंजूर झाले. जादा घेतलेले पैसे पुढच्या बिलांत वळते केले. वाढ मलाही मान्य होती. सीसीटीव्ही, दिवे, रंगवलेले पट्टे यांना खर्च येतोच. पण तो सभेसमोर मांडा ना!

डोंबिवली
माझा फ्लॅट भाड्याने आहे. भाडेकरूच्या गाडीला सभासदाच्या दुप्पट दर लावला होता. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शासनाचा २००१ चा आदेश आहे. ते शुल्क मी भरतोच, मग तोच भार पार्किंगच्या नावाखाली दुसऱ्यांदा का, असं लेखी विचारलं. महिनाभरात बिल दुरुस्त होऊन आलं. आमची कमिटी समंजस निघाली, दरवेळी असं होईलच असं नाही.

बोरिवली, माजी सेक्रेटरी
दुसरी बाजूही मांडतो. आमच्याकडे काही सभासद "स्टिल्टची (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरकडून विकत घेतली आहे, आम्ही सोसायटीला छदाम देणार नाही" म्हणून अडून बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅटविक्रीच्या कायद्याखाली बिल्डरला स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग वेगळं विकता येत नाही. निकालाची प्रत नोटीस बोर्डावर लावली. जागा कमी, गाड्या जास्त, म्हणून दरवर्षी सभेतच चिठ्ठ्या काढायला लागलो. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, काढायला एखाद्या सभासदाची लहान मुलगी, आणि नाव निघालं की तिथल्या तिथे रजिस्टरवर सही. तेव्हापासून तक्रार नाही. मात्र रेरा या नंतरच्या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या नव्या इमारतीत बंदिस्त गॅरेज करारनाम्यात विकलेलं असू शकतं, तिथे आधी करारनामा वाचा.

रेडिंग, इंग्लंड
इथला प्रकार वेगळा, पण उपयोगी पडेल. आमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाने पार्किंगवर देखरेखीसाठी खासगी कंपनी नेमली. माझ्याच ठरलेल्या जागेत गाडी होती, परमिट काचेवरून घसरून सीटखाली गेलं, आणि घरी १०० पौंडांची नोटीस आली. १४ दिवसांत भरलेत तर ६०. या सवलतीनेच लोक भरून मोकळे होतात. मी लीज (फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा करार) काढून वाचलं. त्यात जागा माझी, परमिटचा उल्लेखच नाही. तेवढाच मुद्दा, लीजच्या त्या पानाची प्रत आणि २०१६ चा जॉप्सन निकाल (ऑक्सफर्डच्या न्यायालयाचा, रहिवाशाच्या लीजमधल्या हक्काबद्दलचा) जोडून कंपनीकडे अपील केलं. ते फेटाळलं, पण पुढे पोप्ला या अपील यंत्रणेकडे माझ्या बाजूने निर्णय झाला. कंपनीच्या पत्रांकडे दुर्लक्ष करा असं इथे बरेच जण सांगतात. ऐकू नका. कोर्टाचा दावा आला आणि उत्तर दिलं नाही, तर एकतर्फी निकाल लागतो आणि घरकर्ज घेताना तो आडवा येतो.

कोथरूड
आमच्याकडे पाहुण्यांच्या गाडीला जॅमर लावून वॉचमन रोख ५०० मागायचा, पावती नाही. मी एकच धरून बसले: पावती द्या, ठराव दाखवा. पावतीपुस्तक नव्हतंच. सभेत विचारलं, पैसे कुठल्या खात्यात जमा झाले? जॅमर तेव्हापासून केबिनमध्ये पडून आहे.

नाशिक
ठाणेकर दादा, हरकत राखून भरल्याचं पावतीवर लिहून घेतलंत का?

घोडबंदर रोड, ठाणे
पावतीवर ते लिहीत नाहीत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. नाही म्हणाले तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलवरही टाका, आणि पोच मिळाल्याचा पुरावा चेकच्या झेरॉक्ससोबत ठेवा.