मदत हवी आहे : रूर खोऱ्यातील दगडी कोळशाच्या खाणी आणि त्यांचा खर्च

जर्मनीतील रूर खोऱ्यात 1968 साली अनेक खाणकंपन्या एकत्र करून रूरकोले ही कंपनी (पुढे आर.ए.जी.) स्थापन झाली. पुढे 2007 मध्ये अनुदानित खाणकाम टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरले आणि डिसेंबर 2018 मध्ये बोट्रोप येथील प्रोस्पर-हानिएल ही शेवटची खाण बंद झाली. कामगारांची सक्तीची कपात न करता, मुदतपूर्व निवृत्ती आणि बदल्यांच्या आधारे हे घडवून आणले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझी अडचण पुढची आहे. उत्खननामुळे खचलेल्या भूभागातील पाणी कायम उपसावे लागते आणि हा न संपणारा खर्च आर.ए.जी. प्रतिष्ठान (खाणी बंद झाल्यानंतरच्या अशा खर्चासाठी स्थापन केलेली संस्था) प्रामुख्याने एव्होनिक या रसायन कंपनीतील आपल्या भागभांडवलाच्या उत्पन्नातून भागवते. त्या कंपनीचा लाभांश घटला, तर कायद्याने जबाबदारी कोणावर येते : राज्यांवर की संघराज्य सरकारवर? खाण-अर्थशास्त्राच्या किंवा जर्मन कायद्याच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. या जबाबदारीविषयीचे मूळ करार वाचायचे असल्यास सुरुवात कोठून करावी, हेही सांगितल्यास आभारी राहीन. जर्मन मजकूर चालेल.