बांधकामाच्या साइटवरील नासाडी उगमापाशीच कशी कमी करावी?

ओळंबा :
पुण्याच्या उपनगरात आमच्या सात मजली निवासी इमारतीचे काम सुरू आहे. पाचवा स्लॅब ओतून झाला असून खालच्या मजल्यांवर वीटकाम आणि गिलावा चालू आहे. साइटच्या कोपऱ्यातील ढिगात मुख्यतः तीन गोष्टी दिसतात : सळयांचे तुकडे, फुटलेले एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) आणि वाळून दगड झालेला गिलाव्याचा माल. साहित्य आमचे असून मजुरीचा ठेका मापावर दिलेला आहे. सूचना देऊन झाल्या, फलकही लावला, तरी फरक पडत नाही. राडारोडा उचलून कोठे न्यावा, हा माझा प्रश्न नाही. तो मुळात कमी कसा व्हावा, हे जाणकारांनी सांगावे.

आरसीसीवाला :
सळयांपुरते सांगतो. सळई १२ मीटरची येते आणि फिटर (सळया कापून बांधणारा कारागीर) नकाशातील एकेक माप घेऊन ती कापत सुटतो. तुकडे तेथेच जन्माला येतात. समजा, तुळईला १६ मिमीची ५.२ मीटर सळई लागते. एका सळईतून दोन निघतात आणि १.६ मीटर, म्हणजे सुमारे अडीच किलो लोखंड, उरते. मजल्याची उंची ३ मीटर आणि लॅप, म्हणजे खालची व वरची सळई एकमेकींशेजारी येतात तो जोड, ८० सेंमी धरला, तर कॉलमची सळई ३.८ मीटरची होते. १२ मीटरमधून अशा तीन निघून ६० सेंमी तुकडा राहतो. मात्र कॉलमची सळई दोन मजल्यांना मिळून एकच घेतली, तर ती ६.८ मीटरची होते, आणि तुळईच्या ५.२ मीटरशी तिची जोडी लावली की मागे काहीच उरत नाही. शिवाय दोन मजल्यांमागे एक लॅपही वाचतो. एवढी उंच सळई वाकू नये म्हणून आधार द्यावा लागतो आणि सगळे लॅप एकाच पातळीवर येऊ देता येत नाहीत, तेव्हा आपल्या स्ट्रक्चरल सल्लागाराची संमती घेतल्याशिवाय हे करू नये. आपल्याकडे बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांच्या मापांचा तक्ता, बहुधा बिलाच्या वेळी तयार होते. ते कापणीपूर्वी, त्या व्यासाची सगळी मापे एकत्र मांडून, तयार झाले पाहिजे.

लेव्हलट्यूब :
ब्लॉकचेही गणित असेच आहे. ३ मीटरच्या मजल्यात ४५ सेंमीची तुळई वजा जाता भिंत २५५ सेंमी राहते. २० सेंमीचा ब्लॉक आणि ३ मिमी सांधा धरून बारा थर २४३.६ सेंमी होतात. वर ११ सेंमीची फट उरते आणि ती भरण्यासाठी गवंडी थापीने ब्लॉक तोडतो. भिंतीत आरसीसी पट्टी द्यायचीच असते. ती १० सेंमीची ठेवली की फट जवळपास संपते आणि वर केवळ तुळईखाली भरण्यापुरता सांधा राहतो. जेथे कापणे अटळ असेल तेथे हातकरवत द्यावी. इलेक्ट्रिकच्या झिऱ्याही (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) छिन्नी-हातोडीने न मारता कटरने माराव्यात. नाहीतर एका पाइपासाठी अर्धा ब्लॉक ढासळतो.

मापपुस्तक :
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण ती राबवणार कोण? गवंड्याला पैसे चौरस फुटावर मिळतात आणि सिमेंट तुमचे आहे. जपून वापरण्यात त्याचा फायदा काहीच नाही, उलट वेळ जातो. फलकाने हे बदलणार नाही. आम्ही ठेक्यातच मान्य नासाडीचे प्रमाण लिहितो आणि त्याहून जे वाचेल त्याच्या किमतीचा अर्धा वाटा फिटरला किंवा मुकादमाला देतो. दंड लावून पाहू नये. दंड लावला की तुकडे जोत्याच्या भरावात गाडले जातात आणि हिशेब तेवढा स्वच्छ दिसतो.
गिलाव्याबाबत : भिंतीच्या पायाशी स्वच्छ ताडपत्री अंथरावी, म्हणजे खाली पडलेला माल मातीत न मिसळता लगेच पुन्हा घमेल्यात येतो. दुसरे म्हणजे, जेवणाच्या सुट्टीपूर्वीचा माल मोजूनच कालवावा. सुट्टीनंतर त्या घट्ट मालात पाणी ओतून तो चालवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि असा गिलावा पुढे पोकळ वाजतो. तो फोडला की नासाडी दुप्पट.

ओळंबा :
वाचलेल्याचा वाटा देण्याची कल्पना पुढच्या ठेक्यात घालतो. तूर्त फुटलेले ब्लॉक टॉयलेटच्या सखल (पाइपांसाठी खाली घेतलेल्या) स्लॅबमध्ये भरावेत, असे मुकादम म्हणत आहे. योग्य ठरेल का?

लेव्हलट्यूब :
अनेक ठिकाणी भरतात, पण मी भरू देत नाही. एएसी पाणी शोषून धरतो. वॉटरप्रूफिंगला बारीक तडा गेला, तरी गळती कोठून होते हे सापडत नाही. गच्चीवरील ब्रिकबॅट कोब्यालाही (पाणी रोखणाऱ्या वीट-तुकड्यांच्या थराला) भाजलेल्या लाल विटांचेच तुकडे हवेत. काँक्रीटचे तुकडे मात्र वेगळे ठेवावेत. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार त्यांपासून प्रक्रिया करून बनवलेली खडी एम १५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) हून कमी प्रतीच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्णपणे आणि एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत चालते. साइटवर घणाने फोडलेले तुकडे म्हणजे ही खडी नव्हे, हे मुकादमाला आधीच सांगून ठेवावे.