विमा विकायला सीमा नाही, मग देखरेखीला का?

लिफीकाठ (डब्लिन)

मागच्या आठवड्यात गाडीच्या विम्याचं नूतनीकरण होतं. सगळ्यात स्वस्त भाव देणारा ब्रोकर इथलाच, फोन उचलणारी बाईही इथलीच. पण कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं : विमा देणारी कंपनी युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या एका देशात नोंदलेली आहे, परवाना आणि आर्थिक देखरेख त्या देशाची, आयर्लंडची सेंट्रल बँक फक्त ग्राहकांशी वागण्याचे नियम बघते. हे मी तीनदा वाचलं आणि जास्त पैसे देऊन दुसरीकडे विमा काढला.

कारण इथे २०१४ साली काय झालं ते अजून लोक विसरलेले नाहीत. सेटांटा नावाची विमा कंपनी माल्टात नोंदलेली होती, धंदा मात्र आयर्लंडमध्ये करायची. व्हॅनवाले, छोटे ठेकेदार, साधे गाडीवाले असे सुमारे ७५ हजार पॉलिसीधारक. एप्रिल २०१४ मध्ये कंपनी बुडाली. गाडीच्या काचेवर विम्याची चकती लावलेली, तिच्यावर कंपनीचं नाव, आणि त्या नावामागे देणी भागवण्याइतका पैसा नाही. ज्यांना अशा गाड्यांनी धडक दिली होती त्यांचे तर आणखी हाल. भरपाई कोणी द्यायची यावर कोर्टबाजी सुरू झाली. विमा कंपन्यांनी मिळून चालवलेल्या मोटर ब्यूरोने, की सरकारी भरपाई निधीने? फरक मोठा होता, कारण निधीचा नियम दाव्याच्या ६५ टक्के किंवा ८ लाख २५ हजार युरो, यांतलं जे कमी ते. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ब्यूरो जबाबदार नाही. पूर्ण भरपाईसाठी २०१८ मध्ये नवा कायदा करावा लागला. अपघातात जायबंदी झालेल्या माणसाने तेवढी वर्षं काय करायचं?

चर्चेसाठी माझं म्हणणं सरळ मांडतो. युरोपात एका देशाचा परवाना मिळाला की विमा कंपनी सगळ्या सदस्य देशांत पॉलिसी विकू शकते, पण तिच्या तिजोरीवर नजर ठेवायची ती परवाना देणाऱ्या देशाने. हे उलट आहे. ज्या देशात पॉलिसी विकली जाते, त्या देशाच्या नियामकाला तिजोरीत डोकावण्याचा आणि वेळ पडल्यास विक्री थांबवण्याचा हक्क हवा.

आकडेमोड (पुणे)

तुमची कळकळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. मी पुण्यात बसून एका युरोपियन विमा गटाचे सॉल्व्हन्सी टूचे, म्हणजे विमा कंपन्यांच्या भांडवलाच्या युरोपियन नियमांचे, तक्ते भरते. तिमाही संपल्यावर ५ आठवड्यांत सगळं नियामकाकडे जावं लागतं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत आमच्या मजल्यावर कोणी रजा मागत नाही. एकेका रोख्याची नोंद, एकेका पुनर्विम्याची (विमा कंपनीने स्वतःसाठी काढलेल्या विम्याची) नोंद. आकडे जुळले नाहीत तर फाइल परत येते.

सेटांटा बुडाली ती जुन्या नियमांच्या काळात. तेव्हा भांडवल मोजायचं ते प्रीमियमच्या किंवा दाव्यांच्या ठरावीक टक्क्यांवर. वाढत्या कंपनीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की विमा जितका स्वस्त विकाल तितकं भांडवलही कमी लागल्यासारखं दिसेल. १ जानेवारी २०१६ पासून सॉल्व्हन्सी टू आलं आणि हे बदललं. आता २०० वर्षांत एकदा येईल इतकं वाईट वर्ष आलं तरी देणी भागतील एवढं भांडवल ठेवावं लागतं. त्याखाली घसरलात तर नियामक सुधारणेचा आराखडा मागतो, आणखी खाली गेलात तर परवाना जातो.

आणि प्रत्येक यजमान देशाला, म्हणजे जिथे पॉलिसी विकली जाते त्या देशाला, विक्री थांबवण्याचा हक्क दिलात तर एकच बाजारपेठ उरणार नाही. एका कंपनीला २७ नियामक २७ प्रश्न विचारतील. त्याचा खर्च शेवटी पॉलिसीवाल्याच्या माथी.

लिफीकाठ

ताई, तुमचे तक्ते अचूक असतील यात शंका नाही. पण तारखा बघा. लिक्टेनस्टाइनची गेबल ही विमा कंपनी नोव्हेंबर २०१६ मध्ये बुडाली. डेन्मार्कची अल्फा मे २०१८ मध्ये. दोन्ही सॉल्व्हन्सी टू लागू झाल्यानंतर, आणि दोघींचे ग्राहक मुख्यतः परदेशात. आमचा आयर्लंडही धुतल्या तांदळासारखा नाही. सीबीएल या विमा कंपनीची युरोपियन शाखा आमच्याच सेंट्रल बँकेच्या देखरेखीखाली होती, फ्रान्समध्ये बांधकामाचे विमे विकायची, आणि २०१८ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेली.

फ्रान्सचं उदाहरण मुद्दाम देतो. तिथे बांधकाम करणाऱ्याला १० वर्षांच्या दायित्वाचा विमा सक्तीचा आहे. आज घर बांधलं, आठव्या वर्षी पाया खचला, तर त्या विम्यातून दुरुस्ती व्हायला हवी. पण आठव्या वर्षी ती परदेशी कंपनीच शिल्लक नसेल, तर त्या सक्तीला काय अर्थ?

निवृत्त सर्व्हेअर (ठाणे)

३१ वर्षं सरकारी विमा कंपनीत मोटर दाव्यांचं काम केलं. युरोपचा कायदा मला तुमच्याइतका माहीत नाही, पण विमा कंपनी बुडते कशी ते जवळून बघितलं आहे.

काच फुटली, बंपर गेला, तर बिल महिन्याभरात येतं आणि विषय संपतो. माणूस जखमी झाला की तसं नसतं. आमच्याकडे अपघात दावा न्यायाधिकरणात आठ-आठ वर्षं फायली चालायच्या. तोपर्यंत कंपनीला अंदाजाने रक्कम बाजूला ठेवावी लागते, तिला आम्ही राखीव म्हणायचो. समजा कमरेच्या हाडाचं प्रकरण आहे. सर्व्हेअर म्हणतो ४ लाख लागतील, वकील म्हणतो ९ लागतील, आणि साहेब म्हणतात यंदाचा ताळेबंद चांगला दिसायला हवा, ४ च लिहा. अशा हजार फायली झाल्या की कागदावर कंपनी धडधाकट आणि आत पोकळ. दर पाडले की नवा प्रीमियम रोज येत राहतो, त्यातून जुने दावे भागतात. नवे ग्राहक कमी झाले की त्या दिवशी सगळं उघडं पडतं.

आता मुद्दा. त्या कमरेच्या हाडाला किती मिळणार हे त्या देशातलं कोर्ट ठरवतं. डब्लिनच्या कोर्टात काय भाव चाललाय, वकील किती घेतात, तडजोड कुठे होते, हे डब्लिनमध्ये वावरणाऱ्यालाच कळतं. माल्टात बसलेला अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याला ४ आणि ९ मधला फरक कसा कळावा? आकडेमोड ताई, तुमच्या तक्त्यात ४ हाच आकडा येतो, आणि तो जुळतोसुद्धा.

म्हणून मी लिफीकाठ यांच्या बाजूचा.

बाणेरकर (बुखारेस्टमध्ये काही वर्षं होतो)

काका, तुमचं विवेचन आवडलं, पण रोमानियात जे झालं ते यात बसत नाही. तिथे सक्तीच्या मोटर विम्यात सिटी इन्शुरन्स ही सगळ्यात मोठी कंपनी होती. सप्टेंबर २०२१ मध्ये तिचा परवाना काढला. तिचे बरेच ग्राहक युरोइन्सकडे गेले आणि मार्च २०२३ मध्ये युरोइन्सचाही परवाना गेला. दोन्ही कंपन्या रोमानियातच नोंदलेल्या, ग्राहक रोमानियन, नियामकही रोमानियन. कोर्टातला भाव नियामकाला घरबसल्या माहीत होता. तरी दोन वर्षांच्या आत बाजारातल्या दोन बड्या कंपन्या गेल्या. आमच्या ऑफिसखाली गॅरेज होतं. त्या मार्चमध्ये गॅरेजवाला प्रत्येक गाडीवाल्याला पहिला प्रश्न विमा कंपनीचा विचारायचा, आणि युरोइन्सचं नाव ऐकलं की रोख पैसे मागायचा.

आयर्लंडचंच बघा. क्विन इन्शुरन्स कुठली होती? आयर्लंडचीच. मार्च २०१० मध्ये तुमच्याच नियामकाच्या अर्जावरून कोर्टाने प्रशासक नेमले, आणि त्या भरपाई निधीसाठी २०१२ पासून सगळ्यांच्या गाडी-घराच्या विम्यावर २ टक्के आकार बसला. तिथे तर परदेशी परवान्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे नियामक कुठल्या देशाचा हा प्रश्न दुय्यम आहे. तो वेळेवर कठोर होतो का, हा खरा. बँकांसाठी नोव्हेंबर २०१४ पासून मोठ्या बँकांची देखरेख थेट युरोपियन सेंट्रल बँकेकडे आहे. विम्यासाठी २०११ पासून फ्रँकफर्टला आयोपा ही युरोपियन संस्था आहे, पण ती मार्गदर्शन करते, अहवाल देते, देशोदेशीच्या नियामकांना एका टेबलाशी बसवते. परवाना काढून घेण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. तो द्या. सरहद्दीपलीकडे मोठा धंदा असलेल्या कंपन्या तरी फ्रँकफर्टच्या थेट हाताखाली आणा.

आकडेमोड

बाणेरकरांच्या पहिल्या अर्ध्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही. बँकेसमोर सकाळी रांग लागली तर संध्याकाळपर्यंत निर्णय लागतो, म्हणून मध्यवर्ती हात लागतो. विम्याची देणी वर्षानुवर्षं चालतात आणि ती प्रत्येक देशाच्या अपघात कायद्याला, बांधकाम कायद्याला, करांना चिकटलेली असतात. काकांनी ४ आणि ९ चा जो फरक सांगितला, तो फ्रँकफर्टला तरी कसा कळणार? माल्टाऐवजी दुसरं एक लांबचं टेबल एवढंच.

काका, तुमचा मुद्दा मात्र मनाला लागला, कारण तो माझ्या कामाबद्दल आहे. राखीव रक्कम किती हे आम्ही ठरवत नाही, वरून आलेला आकडा बसवतो. तो आकडा अ‍ॅक्च्युअरी (विम्याच्या जोखमीचं गणित करणारे तज्ज्ञ) तपासतात, पण तेही मागच्या वर्षांचे दावे बघूनच. कंपनी नवी असेल तर मागची वर्षंच नसतात. इथे यजमान देशाच्या नियामकाचं मत सक्तीने घ्यायला हवं, हे मान्य करते. जानेवारी २०२७ पासून सुधारित सॉल्व्हन्सी टू लागू होईल, त्यात दोन्ही नियामकांनी एकमेकांना माहिती देण्याची बंधनं वाढवली आहेत. मी त्याच्या बाजूने आहे.

पण विक्री बंद करण्याचा हक्क नको. लिफीकाठ, तुमच्याच देशात २०१९ अखेरीस पाळणाघरांना विमा देणारी एक कंपनी बाहेर पडली आणि शेकडो पाळणाघरं जवळजवळ एकाच कंपनीच्या दारात उभी राहिली. पन्नासेक लाख वस्तीच्या देशाला बाहेरच्या कंपन्या हव्याच असतात. दार बंद करायची किल्ली यजमानाच्या हातात दिली, तर पहिल्यांदा ती स्थानिक कंपन्यांच्या सोयीसाठी फिरवली जाईल.

लिफीकाठ

पाळणाघरांची गोष्ट खरी आहे. आमच्या धाकट्याचं पाळणाघर त्यातलंच, संचालिकेने जानेवारीत पालकांना बोलावून फी का वाढवतेय ते सांगितलं होतं. आणि क्विनला माझ्याकडे उत्तर नाही.

तेव्हा माझी मागणी बदलतो. विक्री थांबवण्याचा हट्ट सोडतो. पण अपघातग्रस्ताला पैसे आधी मिळालेच पाहिजेत, आणि ते कोणाच्या खिशातून याचं भांडण नियामकांनी नंतर आपसात करावं. मोटर विम्यापुरतं हे झालं आहे. युरोपियन युनियनच्या २०२१ च्या निर्देशानुसार, डिसेंबर २०२३ पासून, विमा कंपनी दिवाळखोरीत गेली तर जखमी माणसाला त्याच्या स्वतःच्या देशातली संस्था भरपाई देते आणि मग कंपनीच्या मूळ देशातल्या संस्थेकडून वसूल करते. हेच घराच्या विम्याला, बांधकामाच्या विम्याला, आयुर्विम्याला का नाही? बँकेतल्या ठेवीला युरोपभर १ लाख युरोंपर्यंत हमी आहे. विम्याला तशी सामायिक हमी नाही. काही देशांत निधी आहे, काहींत नाही, काहींत फक्त एखाद्या प्रकारापुरता. आयोपाने २०२० मध्ये किमान समान नियमांची शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे.

निवृत्त सर्व्हेअर

हमीला माझा विरोध नाही, पण एक धोका सांगतो. बुडालो तरी ग्राहकाला कोणीतरी देणारच, हे कळलं की स्वस्त विकणारा आणखी निर्धास्त होतो, आणि ब्रोकरही विचार न करता सगळ्यात स्वस्त कागद पुढे सरकवतो. निधीत पैसे भरायचे ते नीट चालणाऱ्या कंपन्यांनी. वर्गणी कंपनीच्या जोखमीप्रमाणे घ्या. दर पाडणाऱ्याला जास्त लावा.

बाणेरकर

काका, जोखीम मोजायची ती त्याच राखीव आकड्यावरून ना? मग परत ४ आणि ९. म्हणूनच मी म्हणतो की तपासणी कंपनीने दिलेल्या कागदांवर नको. दोन देशांचे तपासनीस एकत्र दाव्यांच्या फायली उघडून बसले पाहिजेत, शंभर फायली चिठ्ठ्या टाकून निवडा.

निवृत्त सर्व्हेअर

हे मात्र लाख बोललात. आमच्या काळात चांगला ऑडिटर तेच करायचा.

म्युनिकची अनघा

मी इथे शिकायला आले आहे, चर्चेतलं निम्मंच कळलं. वसतिगृहासाठी एक वैयक्तिक दायित्वाचा विमा ऑनलाइन घेतला, वर्षाला साठेक युरो. अ‍ॅप जर्मन भाषेत आहे म्हणून कंपनी जर्मन असेल असं धरून चालले होते. कसं बघायचं?

आकडेमोड

अनघा, विमा घेताना तुला दोन पानी माहितीपत्रक आलं असेल, २०१८ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्याच्या अगदी वर कंपनीचं नाव, कुठल्या देशात नोंदली आहे आणि परवाना क्रमांक लिहिलेला असतो. अ‍ॅपचं नाव बघू नकोस, ते बहुतेक वेळा नुसत्या मध्यस्थाचं असतं. कंपनीचं नाव मिळालं की आयोपाच्या संकेतस्थळावर सगळ्या परवानाधारक विमा कंपन्यांची नोंदवही आहे, तिथे शोध. त्यानंतर कंपनीचा दरवर्षीचा सॉल्व्हन्सी अहवाल उघड, तो जाहीर करावाच लागतो. लागणाऱ्या भांडवलाच्या तुलनेत असलेल्या भांडवलाचं प्रमाण १०० टक्क्यांच्या किती वर आहे ते बघ, आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून ते घसरत चाललंय का तेही. कंपनी दुसऱ्या देशातली निघाली म्हणून लगेच रद्द करू नकोस. नाव इथे लिहू नकोस, मला व्यक्तिगत निरोप कर, शनिवारी बसून आपण दोघी अहवाल वाचू.